बी-सिरीज इंजिनाचा गॅस्केट संच: डब्यातलं काय वापरावं, काय बाजूला ठेवावं

ऑस्टिनचं बी-सिरीज इंजिन १९४७ मध्ये आलं. पुढे एमजीए आणि एमजीबी या स्पोर्ट्स गाड्या आणि १४८९ सीसीच्या रूपात अँबेसेडर, असा त्याचा गोतावळा वाढत गेला. एवढ्या गाड्यांना एकच इंजिन लागल्यामुळे त्याचे पूर्ण गॅस्केट संच, म्हणजे जोडण्यांतून गळती होऊ नये म्हणून घालायच्या पॅकिंगांचे संच, अजूनही सहज मिळतात. बहुतेकांच्या वेष्टनावर 'फुल सेट' लिहिलेलं असतं. आत हेड गॅस्केट, मॅनिफोल्डचं गॅस्केट, रॉकर कव्हरचं (वरच्या झाकणाचं) बुचाचं म्हणजे कॉर्कचं पॅकिंग, बाजूच्या दोन झाकणांची पॅकिंगं, टायमिंग कव्हर आणि फ्रंट प्लेटची कागदी गॅस्केटं, चेंबरचं (तळाच्या ऑइलच्या भांड्याचं) दोन तुकड्यांतलं पॅकिंग, पुढच्या-मागच्या बेअरिंग कॅपच्या बुचाच्या पट्ट्या, ऑइल सील, तांब्याचे वायसर आणि वाल्व्हच्या दांड्यांवरच्या रबरी रिंगा असा माल भरलेला असतो.

आधीच सांगून टाकू. या संचातली कागदी गॅस्केटं आणि हेड गॅस्केट बहुतेकदा वापरण्याजोगी असतात. बुचाच्या वस्तू निम्म्या वेळा बदलाव्या लागतात, आणि ऑइल सील तपासल्याशिवाय बसवूच नये. शिवाय इंजिन आतून श्वास घेत नसेल, तर महागातला संचही महिनाभर टिकणार नाही. तो मुद्दा पुढे येईलच.

मागवण्याआधी

क्रँकशाफ्ट तीन बेअरिंगांवर फिरतो ते तीन-बेअरिंगचं इंजिन आणि पाचांवर फिरतो ते पाच-बेअरिंगचं, यांचे संच वेगळे. एमजीबीच्या १७९८ सीसी इंजिनात १९६४ च्या अखेरीस पाच बेअरिंगं आली, आणि त्याबरोबर क्रँकच्या मागच्या टोकाला रबरी ओठाचं सील आलं. त्याआधीच्या इंजिनांत मागे सीलच नाही. क्रँकवर उलट्या दिशेची सर्पिल खाच कापलेली आहे, आणि क्रँक फिरताना ती ऑइल मागे इंजिनात ढकलते. तीन-बेअरिंगवाल्याने पाच-बेअरिंगचा संच घेतला, तर ते मागचं सील डब्यातच राहतं. उलट झालं तर गिअरबॉक्स उतरवून झाल्यावर कळतं की सीलच आलेलं नाही.

पुढच्या बाजूलाही असाच घोळ आहे. जुन्या टायमिंग कव्हरमध्ये नमद्याची रिंग असते, नंतरच्यांत रबरी सील. कव्हर आणि त्याच्या मागची ऑइल उडवणारी चकती ही जोडी आहे. जुनं कव्हर नव्या चकतीबरोबर किंवा उलट बसवलं की पुढून गळती ठरलेलीच. नंतरच्या चकतीवर 'एफ' कोरलेला असतो आणि तो बाहेरच्या बाजूला यायला हवा.

गळती कुठून आहे ते धुण्याआधी नाही, धुतल्यानंतर शोधायचं. काळ्या चिकट्यावरून काहीच कळत नाही. वारा ऑइल मागे नेतो, त्यामुळे रॉकर कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातली गळती बेल हाउसिंगवरून (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या कवचावरून) ओघळते आणि सगळे मागच्या सीलला दोष देतात. इंजिन स्वच्छ करा, ऑइलमध्ये चमकणारा रंग टाका, गाडी अर्धा तास चालवा आणि अंधारात अतिनील दिवा घेऊन खाली वाका. रंगाची बाटली आणि दिवा मिळून जेवढा खर्च होतो, त्याच्या अनेक पट श्रम वाचतात. या सगळ्या खरेदीत पैसे सर्वांत जास्त वसूल करणारी वस्तू हीच.

धुण्याची रसायनं

रॉकेल अजूनही चांगलं काम करतं. जुना चिकटा त्याने मऊ होतो, रबर फारसं बिघडत नाही, इंजिनावरचा रंगही टिकतो. पण ते मागे तेलकट थर सोडतं, त्यामुळे त्यानंतर साबणाच्या कोमट पाण्याने धुणं आलंच. पेट्रोल मात्र अजिबात नको. शून्याच्या कितीतरी खाली तापमान असतानाही त्याची वाफ पेट घेते, आणि बंद गॅरेजमध्ये दिव्याच्या बटणाची ठिणगीही पुरते.

पाण्यात मिसळायचे क्षारीय डिग्रीझर लोखंडी ब्लॉकवर उत्तम चालतात. एकाला दहा या प्रमाणात, ५० ते ६० अंश गरम पाण्यात, ताठ केसांच्या ब्रशने घासायचं आणि दहा मिनिटांत धुऊन टाकायचं. कार्ब्युरेटर आणि इतर अॅल्युमिनियमच्या वस्तूंवर ते राहू दिलं की धातू काळा पडतो. कॉस्टिक सोड्याचं द्रावण तर अॅल्युमिनियम खातं आणि वर हायड्रोजन सोडतं. ते लोखंडी भागांपुरतंच ठेवावं. लिंबाच्या सालीच्या तेलावर आधारलेले क्लीनर वासाला छान, पण रबर फुगवतात. होज, सील किंवा दिवसभर भिजत ठेवायच्या कुठल्याही रबरी वस्तूसाठी ते बाद.

ब्रेक क्लीनरचा डबा शेवटच्या पुसण्यासाठी लागतोच. क्लोरीन असलेला प्रकार शक्यतो घेऊ नका. त्याची वाफ ज्योतीच्या किंवा लाल तापलेल्या धातूच्या संपर्कात आली, तर फॉस्जिनसारखा विषारी वायू तयार होतो. क्लोरीनमुक्त प्रकार ज्वलनशील असतो, एवढं ध्यानात ठेवलं की झालं.

दाबाने पाणी मारायचं यंत्र घरी असेल तर ते तिथेच असू द्या. ते सीलच्या ओठाखालून पाणी आत घालतं, डायनॅमो आणि डिस्ट्रिब्युटर भिजवतं, आणि चिकटा इंजिनवरून उडून गॅरेजच्या भिंतीवर जातो. नळाचं पाणी, ब्रश आणि चिकाटी पुरे. धुण्याआधी कार्ब्युरेटरचं तोंड, ब्रीदरची (इंजिनातला वायू बाहेर सोडणारी) नळी, डिपस्टिकचं भोक आणि डिस्ट्रिब्युटर पिशवी आणि रबरबँडने बंद करायचं. खाली परात ठेवा. तेलकट पाणी गटारात जाता कामा नये.

ऑइलमध्ये टाकायचे 'इंजिन फ्लश' हा जुन्या इंजिनासाठी वाईट सौदा आहे. वर्षानुवर्षं बसलेला गाळ एकदम सुटतो आणि ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतो. चेंबर उतरवणार असाल, तर तो गाळ हाताने काढा आणि जाळी रॉकेलमध्ये धुवा.

जुनं गॅस्केट काढताना

गाडी जुनी असेल, तर हेड आणि मॅनिफोल्डच्या मूळ गॅस्केटांत अॅस्बेस्टॉस असू शकतं. कोरडं घासू नका, वायर ब्रश लावू नका, हवा मारू नका. फेस, म्हणजे जोडणीचा पृष्ठभाग, आधी पाण्याने ओला करा, पितळी किंवा प्लास्टिकच्या खरवडणीने सोला, निघालेला चुरा ओल्या फडक्यात बांधून बंद पिशवीत टाका, आणि बारीक धूळ अडवणारा एफएफपी-३ दर्जाचा मास्क घाला.

ड्रिलला लावायच्या घासणाऱ्या चकत्या काम पाच मिनिटांत उरकतात, म्हणून मोह होतो. त्यांतून झडणारे अॅल्युमिनियम ऑक्साइडचे कण ऑइलमधून फिरून बेअरिंग खातात. याविषयी जनरल मोटर्सने आपल्या कार्यशाळांना लेखी ताकीद दिली होती. इंजिन उघडं असताना चकती नको. खरवडणी, आणि हट्टी डाग असेल तर गॅस्केट काढायचा फवारा. हा फवारा रंगही काढतो, तेव्हा ब्लॉकचा रंग टिकवायचा असेल तर टेप लावून घ्या.

फेस सपाट आहे का हे पाहायला सरळ पोलादी पट्टी आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्यांचा संच) पुरतो. पण पत्र्याच्या झाकणांचं काय? रॉकर कव्हर, बाजूची झाकणं, चेंबर, सगळीच दाबलेल्या पत्र्याची. आधीच्या कोणीतरी गळती थांबेपर्यंत नट आवळलेला असतो आणि बोल्टच्या भोकाभोवतीचा पत्रा पॅकिंगच्या दिशेने खोलगट झालेला असतो. अशा झाकणाखाली कुठलंही पॅकिंग घाला, दोन बोल्टांच्या मध्ये फट राहणारच. झाकण लाकडाच्या ठोकळ्यावर धरून गोल डोक्याच्या हातोडीने ते उंचवटे मागे बसवा. काचेवर ठेवून टॉर्च मारा. उजेड दिसत नसेल तर झालं. पूर्ण संच वापरून केलेल्या अर्ध्याअधिक कामांचं अपयश इथेच असतं, आणि संच बिचारा शिव्या खातो.

संचातल्या वस्तू, एकेक

बुचाची पॅकिंगं. बूच सुकतं आणि आक्रसतं. वर्षभर फडताळात राहिलेल्या संचातलं पॅकिंग भोकांना चार-पाच मिलिमीटर कमी भरतं. ताणून बसवायचं नाही, तुटतं. कोमट पाण्यात अर्धा तास भिजवलं की मूळ मापावर येतं. मग पुसून बसवायचं. दोन बोटांत वाकवताना तडकलं, तर ते परत करण्याच्या लायकीचं. बूच आणि नायट्राइल रबर मिसळलेली पॅकिंगं वेगळी मिळाली तर तीच घ्या: ती आक्रसत नाहीत आणि पुन्हा घट्ट करायची गरजही कमी लागते. रॉकर कव्हर वाल्व्हची फट तपासायला सतत उघडावं लागतं, म्हणून तिथे सिलिकॉनचं पॅकिंग परवडतं. ते अनेकदा वापरता येतं.

बुचाचं पॅकिंग झाकणाच्या बाजूने कॉन्टॅक्ट अॅढेसिव्हने चिकटवा आणि हेडच्या बाजूला नुसतं ग्रीस लावा. झाकण पुढच्या वेळी उघडलं की पॅकिंग झाकणाबरोबर अखंड वर येतं.

बाजूची झाकणं. या इंजिनाची खरी परीक्षा इथे आहे. टॅपेटच्या खोबणीवरची ही दोन झाकणं मॅनिफोल्डच्या खालच्या अंगाला आहेत आणि प्रत्येकाला मध्यभागी एकच बोल्ट. मॅनिफोल्ड जागेवर ठेवून हात घालायचा प्रयत्न होतो. त्यात पॅकिंग सरकतं आणि पुन्हा सगळं उघडावं लागतं. मॅनिफोल्ड काढाच. टॉर्क (आवळायचा जोर) अवघा २.७ न्यूटन-मीटर, म्हणजे छोट्या पान्याने बोटांच्या जोरावर. त्यापुढे एक पाव फेरा मारला की पत्रा वाकतो. बोल्टच्या डोक्याखालचा रबरी किंवा फायबरचा वायसरही बदला. अनेक संचांत तो नसतोच, आणि गळती पॅकिंगमधून नाही तर त्या बोल्टाच्या कडेने येत राहते.

मॅनिफोल्ड परत बसवताना मधले मोठे वायसर एकाच वेळी इनलेट आणि एक्झॉस्ट दोन्ही धरतात. दोन्हींच्या फ्लँजची जाडी सारखी नसेल तर वायसर तिरका बसतो आणि एक बाजू फुंकते. एक मॅनिफोल्ड नवं, दुसरं जुनं असेल तर कॅलिपरने मोजून घ्या.

टायमिंग कव्हर. रबरी सीलची पहिली तपासणी नखाने: ओठ सगळीकडे सारखा लवचीक हवा, आतली स्प्रिंग खोबणीत पूर्ण बसलेली हवी. स्वस्त संचांतली सीलं कधीकधी लाकडासारखी कडक लागतात. शंका आली तर जुन्या सीलवरचं माप वाचून बेअरिंगच्या दुकानातून नायट्राइल किंवा व्हायटनचं सील आणावं. बसवताना सपाट चकती किंवा योग्य मापाचा सॉकेट ठेवून सरळ ठोका, ओठाला ऑइल लावा. मग कव्हर ढिलं बसवून आधी क्रँकची पुली आत सरकवायची, म्हणजे सील पुलीवर केंद्रात येतं, आणि त्यानंतरच बोल्ट आवळायचे. हा क्रम उलटा केला तर सील एका बाजूने दाबलं जातं आणि काही दिवसांत तिथूनच गळतं. पाव इंची बोल्टांना ८ न्यूटन-मीटर, पाच-सोळांश इंचींना १९.

पुलीच्या मानेवर नखाला लागेल अशी खाच पडली असेल, तर नवं सीलही टिकत नाही. एसकेएफचं स्पीडी-स्लीव्ह हे त्यावरचं नेमकं उत्तर. पाव मिलिमीटरहून थोडी जाड पोलादी बाही मानेवर चढते आणि सील मूळ मापाचंच राहतं. लोक पुली बदलतात, त्याची गरज नसते.

चेंबर. पॅकिंगचे दोन अर्धे तुकडे आणि बेअरिंग कॅपवरच्या बुचाच्या पट्ट्या जिथे भेटतात, ते चार कोपरे गळतात. तिथे, आणि तिथेच, सिलिकॉनचा मटारएवढा थेंब. मागच्या बेअरिंग कॅपची आडवी जोडणीही कोरडी ठेवू नका. सीलंटचा अगदी पातळ हात फिरवा. बोल्ट मधून टोकांकडे, तीन फेऱ्यांत, शेवटी ८ न्यूटन-मीटर.

हेड गॅस्केट. हे काढायचं कारण नसेल तर काढू नका. गळती ऑइलची आहे, आणि हेड उघडलं की काम दुप्पट होतं. एक सावधानी: रॉकर शाफ्टचे काही नट हेडच्याच स्टडवर आहेत. रॉकर काढायचे झाले तर आधी पाणी काढा आणि हेडचे सगळे नट क्रमाने थोडे थोडे सैल करा, नाहीतर हेड एकाच बाजूने ढिलं होऊन वाकतं. बसवताना ६१ ते ६८ न्यूटन-मीटर, टप्प्याटप्प्याने.

वॉटर पंप, थर्मोस्टॅट यांची कागदी गॅस्केटं ठीक असतात. दोन्ही बाजूंना ग्रीसचा हलका हात, बस.

तांब्याचे वायसर संचात कमी पडतात. जुने वायसर लालसर तापवून पाण्यात बुडवले की पुन्हा मऊ होतात आणि नव्यासारखे बसतात. ऑइल फिल्टरच्या डब्याची रबरी रिंग मात्र नेहमी नवीन, आणि जुनी रिंग खोबणीतून टोकदार सुईने काढल्याची खात्री करूनच. जुनी काळी रिंग खोबणीच्या तळासारखीच दिसते. तिच्यावर नवी बसली, की इंजिन सुरू होताच ऑइलची धार लागते.

सीलंट: चार नळ्या, चार कामं

हायलोमार निळं. रोल्स-रॉइसच्या विमान इंजिनांच्या कामातून आलेलं, कधीच कडक न होणारं. कागदी गॅस्केटांसाठी आणि धातूला धातू लागणाऱ्या जागांसाठी पहिली पसंती. दोन्ही फेसवर पातळ लावून दहा मिनिटं थांबा, द्रावक उडू द्या, मगच जोडा. ओलं असताना जोडलं की गॅस्केट निसटतं. नंतर अॅसिटोनने साफ निघतं, हा मोठा गुण.

परमाटेक्सचं एव्हिएशन, झाकणातच ब्रश असलेलं तपकिरी द्रव. बोल्टच्या आट्यांना आणि होजच्या टोकांना उत्तम. हाताला लागलं की दोन दिवस जात नाही.

लॉकटाइट ५१८. हवा तुटली आणि धातू भेटला की घट्ट होतं, बाहेर पिळलेलं ओलंच राहतं आणि पुसलं जातं. कास्टिंगला कास्टिंग भेटते तिथे त्याला तोड नाही. पत्र्याच्या झाकणांवर मात्र फुकट: पाव मिलिमीटरपेक्षा मोठी फट ते भरत नाही आणि पत्रा हलत राहतो.

सिलिकॉन. सर्वाधिक वापरलं जाणारं आणि सर्वाधिक चुकीचं वापरलं जाणारं. व्हिनेगरसारखा वास येणारा प्रकार धातू गंजवतो; इंजिनासाठी असलेला बिनवासाचा घ्या. दोन-तीन मिलिमीटरची वात, त्याहून जाड नाही. जेवढं बाहेर पिळलेलं दिसतं तेवढंच आतही पिळलेलं असतं. ते सुटून पंपाच्या जाळीवर बसलं तर ऑइलचा दाब जातो. पूर्ण सुकायला २४ तास द्या, तोवर ऑइल भरू नका. बुचाच्या पॅकिंगच्या दोन्ही बाजूंना सिलिकॉन फासू नका. पॅकिंग साबणासारखं घसरून बाहेर येतं.

कोणतंही सीलंट असो, आधी फेस आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा अॅसिटोनने पुसून कोरडा.

हत्यारांबद्दल थोडं

या इंजिनावर बहुतेक बोल्ट युएनएफ, म्हणजे इंची मापाच्या बारीक आट्यांचे, आहेत. मेट्रिक पाना जवळपास बसतो आणि डोकं गोल करतो. मोठा टॉर्क पाना तीन न्यूटन-मीटरवर काहीही दाखवतो. पाव इंची, २ ते २० न्यूटन-मीटरचा वेगळा घ्या किंवा पान्याऐवजी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीला सॉकेट लावा.

इंजिनाचा श्वास

पिस्टनच्या कडेने थोडा वायू नेहमीच खाली उतरतो. त्याला वाट मिळाली नाही तर दाब वाढतो आणि ऑइल सगळ्यात कमकुवत जोडणीतून बाहेर पडतं. मागची सर्पिल खाच तर दाबापुढे पूर्ण हरते. तीन-बेअरिंगच्या इंजिनात मागची गळती म्हणजे ब्रीदर बंद, असं आधी धरून चाला.

बाजूच्या दोन झाकणांपैकी पुढच्या झाकणावर ब्रीदरची पत्र्याची डबी असते आणि तिच्यात तारांची जाळी. ही जाळी बहुधा कुणी कधीच धुतलेली नसते. झाकण निघालेलंच आहे, तर डबी रात्रभर रॉकेलमध्ये बुडवा, उलटीकडून हवा मारा. पीसीव्ही वाल्व्ह (तो वायू पुन्हा इंजिनात ओढून घेणारी झडप) असलेल्या इंजिनात त्याचा पडदा फाटलेला नाही ना, ते पाहा. कार्ब्युरेटरला जोडलेल्या ब्रीदरच्या इंजिनांत ऑइल भरायच्या झाकणातून मोजकी हवा आत यावी लागते. दुसऱ्या गाडीचं झाकण बसलं की ते गणितच बिघडतं.

तपासणी सोपी: इंजिन गरम, हळू चालू, ऑइलचं झाकण काढून तोंडावर पातळ प्लास्टिकची पिशवी धरा. ब्रीदर ओढून घेणारा असेल तर पिशवी आत खेचली जाते. पिशवी फुगली तर आधी ब्रीदर आणि मग पिस्टन रिंगा तपासा. रिंगाच गेल्या असतील, तर गॅस्केटचा संच हे त्या आजारावरचं औषध नाही.

मागचं सील घरी करावं का

पाच-बेअरिंगच्या इंजिनात त्यासाठी इंजिन बाहेर काढून गिअरबॉक्स, क्लच आणि फ्लायव्हील वेगळं करावं लागतं. क्रेन असेल आणि दोन माणसं असतील तर शनिवार-रविवारचं काम. पण केवळ थेंबासाठी कशाला? रात्रभरात हाताच्या पंजाएवढा डाग पडत असेल किंवा क्लच घसरत असेल, तरच हात घाला. क्लच बदलायची वेळ येईपर्यंत थांबलात, तर एकाच उघडण्यात दोन कामं होतात.

शेवटची चाचणी

पाच-बेअरिंगवाल्यांनी ऑइल भरण्याआधी डिपस्टिकच्या नळीतून ०.१ ते ०.२ बार हवा द्यावी, ब्रीदर आणि ऑइलच्या झाकणाचं तोंड बंद करावं, आणि जोडण्यांवर साबणाचं पाणी लावावं. बुडबुडे लगेच दिसतात. दाब यापेक्षा वाढवला तर नवं सीलच उलटून बाहेर येतं. तीन-बेअरिंगच्या इंजिनात मागून हवा जातेच, तिथे ही चाचणी निरर्थक. मग १७९८ सीसीला साधारण सव्वाचार लिटर २०डब्ल्यू-५० भरा. इंजिन दोनदा पूर्ण गरम आणि पूर्ण थंड झालं की बुचाच्या पॅकिंगचे बोल्ट पुन्हा एकदा ठरलेल्या टॉर्कपर्यंतच आणा. बूच दबून बसतं, म्हणून ते बोल्ट सैल झालेले सापडतील.